नुसतं बघायची नोकरी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. लहान मूल असलेल्या घरात एकेकटे मोजे जमतात ना, तसे ते जमतात. जोडीतला दुसरा कुठे गेला कळत नाही, हातातला टाकवत नाही, आणि एक दिवस ड्रॉवर उघडला की चाळीस! माझ्या ऑफिसातल्या किश्श्यांचं तसंच झालंय. मैत्रिणी विचारतात, "तुझं काम नक्की काय गं?" मी समजावायला बसते आणि समजावता समजावता हे मोजे बाहेर पडतात.

काम तसं सोपं आहे. ज्यांच्याकडे बिटकॉइन आणि तत्सम आभासी नाणी असतात, त्यांची ती चार ठिकाणी, चार वॉलेटमध्ये विखुरलेली असतात. आमचं सॉफ्टवेअर ती सगळी एका स्क्रीनवर दाखवतं. त्यासाठी प्रत्येक वॉलेटचा पब्लिक ॲड्रेस टाकायचा, म्हणजे आकडे आणि इंग्रजी अक्षरं यांची बेचाळीस मण्यांची एक माळ. ती कुणालाही दिली तरी चालते, कारण तिच्यामुळे आतलं फक्त दिसतं, उचलता येत नाही. उचलायला बारा गुप्त शब्द लागतात आणि ते आम्ही कध्धीच विचारत नाही. थोडक्यात, काचेला नाक लावून आत बघायचं. मी कस्टमर सपोर्टला आहे. ज्यांना नाक कुठे लावायचं ते समजत नाही, त्यांना मी मदत करते.

ऑफिस नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. खाली चष्म्यांचं दुकान. म्हणजे अख्खी इमारतच बघण्याच्या धंद्यात! वर आम्ही मोजकी माणसं. मालक लिमये सर, जे दिवसाला साधारण वीस वाक्यं बोलतात आणि त्यातल्या पंधरांत "नाही" असतं. माझ्या शेजारी वैदेही, अमरावतीची, जिला कशाचंच टेन्शन येत नाही. अकाउंट्स, एचआर आणि चहाची साखर असं सगळं सांभाळणाऱ्या पाठक मॅडम. आणि मी, मृदुला. अडीच वर्षं घरी राहून, मुलीला, सईला, पाळणाघरात ठेवून पुन्हा कामाला लागलेली.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "सहा महिने प्रोबेशन. जमलं तर कायम."

"आणि नाही जमलं तर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग सहा महिने," सर म्हणाले.

त्या दिवसापासून मी कॅलेंडरकडे सरळ नजरेने बघितलेलं नाही. कारण मला पक्कं ठाऊक होतं, इथून घरी परत गेले तर दुसऱ्यांदा बाहेर पडायचं धाडस माझ्यात उरणार नाही. निखिल, माझा नवरा, म्हणतो, "तू उगाच घाबरतेस." तो हे दर दोन दिवसांनी म्हणतो. म्हणजे तोही मोजत असावा.

*

पहिल्याच आठवड्यात एक निवृत्त मुख्याध्यापक जिने चढून वर आले. गोडबोले काका. नातवाने त्यांना वॉलेट उघडून दिलं होतं. ॲड्रेस ईमेल करा असं मी फोनवर सांगितलं होतं, तर ते तो स्वतःच घेऊन आले. आखीव कागदावर, वळणदार अक्षरात, संपूर्ण देवनागरीत! "शून्य एक्स सात एफ तीन बी..." अशा पाच ओळी.

"काका, हे इंग्रजीत लागतं."

"का? तुमचं सॉफ्टवेअर पुण्यातच तयार होतं ना?"

"हो."

"मग?"

मी मुकाट्याने एकेक अक्षर टाइप करायला घेतलं. काका माझ्या खुर्चीमागे, हात पाठीशी बांधून, उभे. खिडकीबाहेर एक पतंग विजेच्या तारेला अडकून हलत होता. हळूच डावीकडे, हळूच उजवीकडे. सई आता झोपली असेल का, असं काहीतरी माझ्या मनात येऊन गेलं. एंटर दाबलं. स्क्रीन म्हणाला, ॲड्रेस अवैध!

"काका, तुमच्याकडून लिहिताना काहीतरी..."

"तिसऱ्या ओळीत तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत," काका शांतपणे म्हणाले. "तिथे एक डी गळला."

तिथेच गळला होता. मी तो घातला आणि काकांची नाणी टपकन स्क्रीनवर उमटली. त्यांनी ती बघितली, मान हलवली, माझ्या टेबलावरचं लाल पेन उचललं, कागदाखाली काहीतरी लिहिलं आणि तो मला देऊन गेले.

४१/४२.

*

आण्णा शहराच्या कडेच्या एका गावचे. म्हणजे आता गाव नाही, महापालिकाच. शेतं गेली, टॉवर आले, आणि आण्णांकडे वॉलेट आलं. त्यांचा पहिला निरोपच व्हॉइस नोट होती. मी ऐकायला लावली.

"ताई, चावी पाठवतो हाय. ल्हून घ्या. पयला शब्द..."

मी किंचाळलेच! हेडफोन काढून टेबलावर आपटला. वैदेही दचकून म्हणाली, "काय झालं बाप्पा, करंट लागला का?"

आमच्याकडे कडक नियम आहे. ग्राहकाचे बारा शब्द चुकून जरी कानावर पडले, तरी त्याला सगळं नव्या वॉलेटमध्ये हलवायला लावायचं. मी आण्णांना फोन केला.

"आण्णा, ते शब्द कुणालाच द्यायचे नसतात हो! अगदी आम्हालासुद्धा नाही."

"आवो पन तुम्ही काय कुनाला सांगनार हाय व्हय?"

"तरीही नाही. आम्हाला फक्त पब्लिक ॲड्रेस पाहिजे."

"त्येनं काय हुतंय?"

"आम्हाला दिसतं."

"निस्तं बघनार?"

"हो."

"आन मग?"

"मग तुम्हाला दाखवणार."

पलीकडे कुठेतरी बोअरिंगचं मशीन चालू होतं. "ताई," शेवटी आण्णा मायेने म्हणाले, "तुमास्नी पगार देत्यात ना येचा?"

अर्धा दिवस खर्चून मी त्यांना नवं वॉलेट उघडायला लावलं, सगळी नाणी तिकडे हलवायला लावली, जुनं बंद करवलं. नियम तीनदा घोकून घेतला. आण्णांनी तिन्ही वेळा न अडखळता म्हणून दाखवला. मला माझाच अभिमान वाटायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांचा फोन. आवाजात समाधान.

"ताई, नवे बारा शब्द आलेत. हे तर कुनीच ऐकलं न्हाईत. आता पाठवू का?"

*

या नोकरीत दिवसभर फोनवर ॲड्रेस वाचून दाखवावे लागतात आणि वाचून घ्यावे लागतात. बेचाळीस अक्षरं, चार-चारच्या गटाने. ते हळूहळू अंगात मुरतं. एका रविवारी दुपारी सई झोपेना. सगळी गाणी संपली, चिऊकाऊ संपले, मला स्वतःलाच पेंग आली, आणि त्या गुंगीत माझ्या तोंडून टेस्टिंगच्या वॉलेटचा ॲड्रेस सुरू झाला. "शून्य एक्स नऊ ए... चार चार सी ई... सात बी शून्य दोन..." पंखा फिरत होता, पडद्यातून उन्हाची एक पट्टी तिच्या पोटावर पडली होती, आणि चौथ्या गटाला तिचे डोळे मिटले.

मग रोजचंच झालं. दुसरं काही चालेना.

एकदा मी ऑफिसातून उशिरा निघणार म्हणून निखिलला तो ॲड्रेस कागदावर लिहून दिला. तोही आयटीतला, म्हणाला, "यात काय अवघड?" घरी पोचले तर सई टक्क जागी, कंबरेवर हात ठेवून गादीवर उभी. निखिल घामाघूम.

"मी एकच आकडा चुकलो गं. हिने पहिल्यापासून म्हणायला लावलं. चौथ्यांदा म्हणतोय!"

खरी पंचाईत पुढच्या महिन्यात झाली. पाळणाघराच्या काकूंनी मला दारातच थांबवलं. चेहरा गंभीर. सई कुणाला चावली की काय?

"मृदुलाताई, तुमच्या सईला अजून लाल-पिवळा ओळखू येत नाही," काकू म्हणाल्या. "ते येईल. पण ती दुपारी जे म्हणते त्यावर बाकीची सातही मुलं झोपतात. ते पूर्ण मिळेल का? आमच्याकडे सात बी शून्य दोनपर्यंतच आहे."

*

समीर नावाचा एक आयटीवाला. त्याने वॉलेट जोडलं आणि चार दिवसांनी अतिशय हळू आवाजात फोन केला, शेजारी कुणी झोपलं असावं तसा.

"मॅडम, एक विचारायचं होतं. माझं बॅलन्स... बरोबर आहे ना?"

मी बघितलं आणि माझेच डोळे दिपले. शून्यं मोजताना मी दोनदा चुकले. मग ॲड्रेस तपासला. झालं असं होतं की, कॉपी कसं करायचं हे शिकवणाऱ्या कुठल्याशा लेखातला नमुन्याचा ॲड्रेसच त्याने कॉपी करून टाकला होता. जगाच्या पाठीवर कुठेतरी राहणाऱ्या, कुणालाही ठाऊक नसलेल्या माणसाचा.

हे सांगायचं कसं? मी घसा साफ केला. "समीर, हे वॉलेट तुमचं नाहीये."

मागे कुणीतरी कप खाली ठेवला.

"चार दिवस," तो मग म्हणाला. "चार दिवस आम्ही बघत होतो मॅडम. मी आणि बायको. चहा घेऊन बसायचो समोर. काही खर्च नाही केला हो. दोन फ्लॅट मात्र बघून आलो. बघितले फक्त. एकाला नदीकडे गॅलरी होती. तिने पडद्यांचा रंग ठरवला."

"मी काढून टाकते तो ॲड्रेस. तुमचा खरा पाठवा."

"खरा पाठवतो," समीर म्हणाला. "पण तो काढू नका ना. राहू द्या खाली."

नियमात बसत होतं. पब्लिक ॲड्रेस आहे, कुणीही बघावा. मी दोन्ही ठेवले. आमच्याकडे प्रत्येक वॉलेटला नाव देता येतं. स्वतःच्या वॉलेटला त्याने "समीर" नाव दिलं. दुसऱ्याला काय देतो म्हणून मी कुतूहलाने बघत राहिले.

त्याने टाइप केलं, "पडदे."

*

वैदेहीला त्या सुमारास स्थळं येत होती. अमरावतीहून आई फोनवर पगार, गाव, गोत्र असं सगळं सांगायची. वैदेहीची अट एकच. मुलाकडे क्रिप्टो असेल तर त्याने पब्लिक ॲड्रेस द्यायचा.

"अगं, असं कुणी विचारतं का?" मी हादरलेच.

"फोटोत सगळे चांगलेच दिसून राह्यले," वैदेही म्हणाली. "व्यवहार कसे करते माणूस, ते तर बघू दे."

एकाने खरंच दिला. अभिमानाने दिला. लंच टाइममध्ये आम्ही दोघी डबे बाजूला सारून स्क्रीनला चिकटलो. रक्कम काही वाईट नव्हती. पण वैदेही रकमेकडे बघतच नव्हती. तिचं बोट तारखांवरून फिरत होतं.

"हे बघ. दर रविवारी कुठे तरी नाणी पाठवते. आणि दर सोमवारी तेवढीच परत बोलावते. दर आठवड्याला! वर्षभर!"

"काहीतरी गुंतवणुकीची पद्धत असेल," मी म्हटलं. मला उगाच त्या मुलाची दया आली. मी स्वतः सईचा स्वेटर बॅगेत घालते, काढते, घालते. माझे व्यवहार कुणी बघितले असते तर माझंही लग्न झालं नसतं.

"पद्धत नाही, स्वभाव आहे," वैदेही म्हणाली.

तरी आईच्या आग्रहाखातर ती त्याला भेटली. रविवारी. कॉफी झाली, गप्पा छान झाल्या, मुलाने तिथल्या तिथे होकार दिला. ती खूश होती, खोटं कशाला सांगू. सोमवारी सकाळी ऑफिसात आली, बॅग ठेवली, फोन उघडला आणि माझ्यापुढे धरला.

"विचार करायला थोडा वेळ हवा आहे," असा निरोप होता.

"नऊ वाजून पाच मिनिटं," वैदेही म्हणाली. "त्याची परत बोलवायची वेळसुद्धा तीच आहे!"

*

आता माझी चूक. सांगायचं नव्हतं, पण ड्रॉवर उघडलाच आहे तर.

दामले बाई कोथरूडला एकट्या राहतात. त्यांच्या धाकट्या भावाने जाण्याआधी त्यांच्या नावे वॉलेट करून ठेवलं होतं. त्या रोज सकाळी ते बघत आणि रोज मला फोन करून विचारत, "आज कमी झालं का हो? मी काही चुकीचं दाबलं नाही ना?" त्यांचा तो धसका मला इतका ओळखीचा वाटायचा की मी रोज दहा मिनिटं त्यांच्याशी बोलायचे.

एक दिवस त्यांची सेटिंग्ज सुधारताना मी भलतंच नेटवर्क निवडलं. ॲड्रेस तोच, पण सॉफ्टवेअर बघत होतं दुसऱ्याच वाटेवर, जिथे त्यांचं काहीच नव्हतं. बाईंच्या स्क्रीनवर शून्य उमटलं.

मला कळलं तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता. एकटी बाई, सत्तरीची, काही झालं म्हणजे? लगेच फोन लावला.

"दामले बाई, तुम्ही स्क्रीन बघितला का?"

"बघितला की," अगदी प्रसन्न आवाज. मागे रेडिओ चालू. "शून्य आहे. मी भजी करतेय."

"बाई, ते..."

"अहो, बरं झालं बघा! आता काही कमी व्हायचं राहिलं नाही. किती दिवसांनी सकाळ मोकळी मिळाली. खिडकीत बसून कोथिंबीर निवडली. समोरच्या झाडावर केवढं मोठं घरटं आहे, मला ठाऊकच नव्हतं."

मी डोळे मिटून नेटवर्क पूर्ववत केलं. "बाई, चूक माझी होती. तुमचं सगळं सुखरूप आहे. परत दिसायला लागलंय."

रेडिओ बंद झाल्याचा आवाज आला.

"आलं का परत?" दामले बाई म्हणाल्या. "अरे देवा."

सरांना कळलंच. ते माझ्या टेबलापाशी आले. मी बोलणी खायला मान खाली घालून तयार. ते एवढंच म्हणाले, "मृदुला, हा पाचवा महिना आहे."

त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

*

सहाव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लिमये सरांनी एक नवीन सोय आणली. या पब्लिक ॲड्रेसची एक गंमत आहे. तो सगळ्यांना दिसतो, त्यामुळे कुणीही उठून त्यावर काहीही पाठवू शकतो. लोकांच्या वॉलेटमध्ये अनोळखी, फुकट, कवडीमोल नाणी येऊन पडतात. त्यांना हात लावला, त्यांच्या लिंकवर क्लिक केलं, तर फसवणूक होऊ शकते. नुसती पडून राहिली तर काही करत नाहीत. सरांच्या नव्या सोयीने असला सगळा कचरा आपोआप लपायला लागला. सर त्या दिवशी चक्क हसले. पाठक मॅडमनी पेढे आणले.

सगळे ग्राहक खूश. एक सोडून.

शैलाताईंचं मंडईजवळ बांगड्यांचं दुकान आहे. लेक परदेशी, तिनेच आईच्या नावे वॉलेट उघडून दिलेलं. लेकीला सातवा महिना, तिच्या बाळासाठी म्हणून शैलाताई त्यात थोडंथोडं टाकत होत्या. त्यांचा फोन आला तो रागाने.

"अहो, माझी तीट कुणी पुसली?"

"काय पुसलं?"

"तीट हो! काळी गोल होती. कोपऱ्यात. दोन महिने होती. आज सकाळी बघते तर गाल स्वच्छ!"

मला उलगडायला जरा वेळ लागला. त्यांच्या वॉलेटमध्ये कुठूनसं एक निरुपयोगी नाणं येऊन पडलं होतं. किंमत शून्य, चित्र म्हणजे नुसता काळा ठिपका.

"लेक म्हणाली होती, हा ॲड्रेस सगळ्या जगाला दिसतो," शैलाताई सांगत होत्या. "मला झोप येईना. बाळाचं म्हणून ठेवलेलं, आणि सगळं जग बघतंय! मी दुकानात दिवसभर काळ्या मण्यांच्या मनगट्या विकते हो, मला नको कळायला? मग एक दिवस हा काळा ठिपका आपोआप येऊन बसला. म्हटलं चला, कुणीतरी काळजी घेतली. तेव्हापासून निवांत होते. आणि तुम्ही पुसून टाकलंत?"

"शैलाताई, त्या ठिपक्यावर कधी क्लिक नाही ना केलंत?"

"तिटेला कुणी बोट लावतं का? फिसकटते ना!"

अशी तक्रार बंद करायला आमच्याकडे एक तयार पर्याय आहे, "ग्राहकाचा गैरसमज." माझं बोट त्याच्यावर गेलं. दोन दिवसांनी माझा निकाल होता, आणि एकही तक्रार उघडी न ठेवणं याला सर फार मानतात. बोट तिथेच थांबलं. किती वेळ, कोण जाणे. बाहेर दुपार अगदी स्तब्ध झाली होती, चष्म्यांच्या दुकानाच्या काचेवरून उडालेला एक कवडसा आमच्या छतावर पाण्यासारखा हलत होता. मी दुसरा पर्याय दाबला. "तक्रार रास्त. सोयीत बदल हवा."

"बाप्पा!" वैदेही म्हणाली. "परवा तुझं लेटर आहे आणि तू सरांच्या फीचरवर तक्रार उघडून राह्यली?"

पाच मिनिटांत केबिनमधून बोलावणं आलं.

"हे काय आहे?" सरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला.

मी सांगितलं. माझा आवाज मलाच लांबून येत होता.

"मृदुला, हे सॉफ्टवेअर आहे. बारसं नाही."

"हो सर."

"कचरा लपवणं हे आपलं काम आहे."

"हो सर. पण तो कचरा आहे हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून तर ठेवलाय. सोन्याची तीट कुणी लावत नाही."

सरांनी चष्मा काढला. "तुमचा विश्वास आहे असल्या गोष्टींवर?"

"नाही," मी ठामपणे म्हटलं. मग मला सकाळ आठवली. "म्हणजे... आज सईला पाळणाघरात सोडताना विसरले होते. कोपऱ्यापर्यंत आले आणि परत जाऊन लावून आले. त्यामुळे उशीर झाला. पण विश्वास नाही."

सरांनी चष्मा टेबलावर ठेवला. मला वाटलं, झालं. सहा महिने.

मग त्यांनी स्वतःच शैलाताईंना फोन लावला. मला जा म्हणाले नाहीत, म्हणून मी उभीच. मला एकच बाजू ऐकू येत होती.

"नमस्कार, लिमये बोलतोय... हो, मालक... नाही, त्यामागचा उद्देश... हो... अहो पण... हो, बरोबर... नाही, मला तशी सवय नाही... हो, आहे. एक मुलगी... आठ वर्षं झाली कंपनीला... नाही, तेव्हा कुणी काही सांगितलं नव्हतं... बरं... बरं. कुठे, डावीकडे की उजवीकडे?"

फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला, घातला आणि म्हणाले, "काम करा."

संध्याकाळपर्यंत सोयीत एक छोटा बदल झाला. लपवलेल्या नाण्यांतलं एखादं परत दिसावं असं वाटलं तर ग्राहकाला ते ठेवता येऊ लागलं. शैलाताईंचा ठिपका जागेवर आला. त्यांनी सईसाठी मनगट्यांचा जोड पाठवला, काळे-पांढरे मणी. कुणी कुणाला काहीच म्हणालं नाही. माझं काय होणार, याबद्दल तर नाहीच. त्या दोन रात्री निखिल एकदाही "उगाच घाबरतेस" म्हणाला नाही, यावरून काय ते ओळखा.

शुक्रवारी चारच्या चहाला पाठक मॅडमनी माझ्या पुढ्यात पाकीट ठेवलं. मी ते फोडलं. मी मधला मजकूर वाचलाच नाही, एकदम शेवटची ओळ शोधली. कायम! खाली सरांची काटेकोर सही. वैदेहीने माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. मी पत्र दोन्ही हातांनी धरून खिडकीपाशी नेलं, नीट, पहिल्यापासून वाचायला. पांढराशुभ्र कागद, सरळ ओळी, कुठे एक स्वल्पविराम चुकलेला नाही. आणि अगदी वर, डाव्या कोपऱ्यात, मसुराच्या दाण्याएवढा काळा ठिपका.

"मॅडम," मी म्हटलं, "इथे शाई सांडलीय वाटतं. दुसरी प्रिंट मिळेल?"

पाठक मॅडमनी बशीतला चहा संपवला.

"मलाही तसंच वाटलं," त्या म्हणाल्या. "सहीसाठी तीनदा काढून दिली. तिन्ही वेळा तिथेच सांडली."